डब्याला म्हटलेल्या ओव्या

“सालपटं उकिरड्यावर टाक आन् हात धुवून ये,” असं आई चुलीपाशी बसून ओरडायची. आमचं गाव धाराशिवकडचं. तिथं आई ओरडली की शेजारची पोरंही हात धुवून यायची. शाश्वत जीवनशैलीवर मी ऐकलेलं ते पहिलं व्याख्यान, आणि एका वाक्यात संपलेलं शेवटचं. त्यानंतरची सर्व व्याख्याने (त्यांपैकी बरीच माझी) पाहुण्यांच्या परिचयातच त्याहून लांबली आहेत.

शहरातल्या प्रत्येक नागरिकाने निसर्गाशी सुसंगत जगावे, याबद्दल आता दुमत उरलेले नाही. दुमत आहे ते सुरुवात कोणी करावी याबद्दल. कर्वेनगरातल्या आमच्या ‘बकुळछाया’ सोसायटीने (बकुळ पार्किंगसाठी काढावी लागली, छाया पार्किंगच्या पत्र्याची आहे) हरित समिती नेमून तोही प्रश्न निकालात काढला. समितीच्या पाहणीत शंभर टक्के सभासद पर्यावरणाच्या बाजूचे निघाले. उरलेले भाडेकरू आहेत.

समितीचे अध्यक्ष दत्तप्रसाद. आयटीत मोठ्या हुद्द्यावर, वयाने माझ्या मुलासारखे, आणि कोणत्याही कामाला नकाशा काढल्याशिवाय हात न लावणारे. मी सल्लागार. बँकेतून निवृत्त झालेला आणि ओव्या पाठ असलेला सोसायटीतला एकमेव पुरुष, एवढ्या पात्रतेवर माझी नेमणूक झाली.

समितीने घालून दिलेले काही पायंडे इतर सोसायट्यांच्या मार्गदर्शनासाठी नोंदवतो. कापडी पिशवी वापरावी. लग्न, मुंज, पुस्तक प्रकाशन, जाऊ तिथे हल्ली कापडी पिशवीच मिळते. आमच्या घरी त्या इतक्या साठल्या की ठेवायला झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा आणावा लागला. दुधाची रिकामी पिशवी धुऊन, दोरीवर वाळवून मगच सुक्या कचऱ्यात द्यावी. हे आम्ही इतक्या निगुतीने करतो की पाणीकपातीच्या दिवशी आधी पिशव्यांची आंघोळ होते, मग माणसांची. सार्वजनिक वाहतूक वापरावी. मी एकदा स्वारगेटपर्यंत बसने गेलो. त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर आहे. (परत कसा आलो, हे कोणी विचारलं नाही.) रोज टेकडीवर चालावे. मी चालतो. पायथ्याशी गाडी लावायला जागा मिळावी म्हणून घरून जरा लवकर निघावं लागतं, एवढाच काय तो त्रास.

पण आमच्या कार्याचा कळस म्हणजे खत.

ज्याच्या लहानपणी घरामागे उकिरडा होता, त्या मला ओल्या कचऱ्याचे खत कसे करावे हे शिकण्यासाठी रविवारची कार्यशाळा करावी लागली. तिथे उकिरड्याला ‘प्रकल्प’ म्हणतात आणि तो झाकणासकट मिळतो. मी एक डबा घेतला आणि बाल्कनीत ठेवला.

बाल्कनीत तोवर फक्त एक वेताची खुर्ची होती. माझी पत्नी दीपमाला दुपारचा चहा घेऊन त्या खुर्चीत बसायची. समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून टेकडीचा एक हिरवा तुकडा दिसतो. साडीच्या काठाएवढा असेल. तो बघत चहा प्यायचा, एवढाच तिचा बाल्कनीशी संबंध. डबा आला तेव्हा खुर्ची थोडी सरकवली. दुसरा आला तेव्हा आणखी थोडी. आता टेकडी बघायला मान वाकडी करावी लागे. पण शाश्वत विकासात कोणाला तरी सरकावेच लागते. खुर्चीने हरकत घेतली नाही, दीपमालाही काही बोलली नाही. तेव्हा ठराव सर्वानुमते मंजूर झाला असे मी धरले.

पहिल्या महिन्यात डब्यात जे तयार झाले त्याचे वर्णन मी टाळतो. खालच्या मजल्यावरच्या पूर्णिमाताई नाकाला पदर लावून वर आल्या होत्या आणि ते त्यांनी सविस्तर केले होते. ताक घातलं, गूळ घातला, भुसा घातला. डबा ऐकेना. शेवटी एका संध्याकाळी मी विचार केला, जात्यावर ओवी म्हटली की दगडातून पीठ झरतं. मग डब्याने काय घोडं मारलंय? आजूबाजूला कोणी नाही असं बघून, झाकणावर हात ठेवून म्हटलं:

पहिली माझी ओवी गं, दुधीच्या त्या सालीला
माती व्हाया निघाली, हळद लावा गालीला

दुसरी माझी ओवी गं, वाटाण्याच्या टरफला
रिकामं झालं घर, दाणा सासरी गेला

आणि काय सांगू! थोड्याच दिवसांत डबा उघडला तर आत काळीभोर, भुसभुशीत, पावसाने नुकतीच भिजल्यासारखी माती. वास असा की डोळे मिटून गावाकडे जाऊन यावं. मी पूर्णिमाताईंना बोलावून वास दिला. त्यांनी नाकावरचा पदर काढला. विज्ञानाने याहून मोठा पुरावा कधी मागितलेला नाही.

पुढे ‘ओवी आणि सूक्ष्मजीव’ या विषयावर माझी व्याख्याने झाली. माझ्या निरीक्षणानुसार पालेभाज्यांना ओवी लवकर लागू पडते. आंब्याची कोय मात्र शेवटपर्यंत अरसिक राहते. घरोघरी डबे आले, घरोघरी खत होऊ लागलं. कोणी पाठ करून म्हणत, कोणी माझ्या आवाजातलं रेकॉर्डिंग मोबाइलवर लावून डब्याशेजारी ठेवत. एका घरात गळा नव्हता म्हणून पाढे म्हटले. तिथेही खत झालं. (लोकसाहित्याच्या मर्यादा विज्ञानाला नसतात, असे मी तेव्हा नमूद केले.)

यंदाच्या संक्रांतीला समितीने ठरवले, हळदीकुंकवात प्लास्टिकच्या डब्या लुटण्याची प्रथा बंद. वाण म्हणून प्रत्येकीला आमच्या घरचं खत, चिमुकल्या कापडी पिशवीत. त्याच दिवशी ‘आदर्श हरित सोसायटी’ पुरस्काराचे परीक्षक येणार होते. म्हणून दत्तप्रसाद आदल्या आठवड्यात नकाशा घेऊन घरी आले.

“काका, बेसिकली आपण तुमची पूर्ण बाल्कनीच डेडिकेट करूया. सहा ड्रम, वर जाळी, बाहेर बोर्ड. परीक्षकांसमोर अनाउन्स करतो. मग ते परमनंट.”

“आणि खुर्ची?” मी विचारलं. (विचारलं होतं, याची नोंद घ्यावी.)

“आत घेऊ ना! काकू हॉलमध्ये बसतील. पंखा आहे तिथे.”

दीपमाला चहा घेऊन आली होती. तिने नकाशाकडे पाहिलं. नकाशात खुर्ची नव्हती.

“साखर पुरे का हो?” तिने दत्तप्रसादना विचारलं, आणि आत गेली.

मी नकाशावर सही केली.

समारंभ गच्चीवर झाला. बायका पुढे, पुरुष पर्यावरणाच्या निमित्ताने मागच्या खुर्च्यांवर. परीक्षकांनी खत हुंगलं, एकमेकांना हुंगायला दिलं. दत्तप्रसादनी बाल्कनी जाहीर केली. टाळ्या झाल्या. “आता ज्यांनी हा त्याग केला,” ते म्हणाले, “त्या दीपमालाकाकूंनी दोन शब्द बोलावेत.”

आमच्याकडे दोन शब्द बोला म्हटलं की बाई ‘नको नको’ म्हणून बसून घेते आणि कार्यक्रम पुढे सरकतो. तशी रीत आहे. दीपमाला मात्र उठली.

“हे खत कात्रजच्या हिंमतरावांच्या रोपवाटिकेतलं आहे,” ती म्हणाली. “चांगलं असतं. पोत्यात येतं. आमच्या घरचा कचरा मी रोज, हे टेकडीवर गेले की, कचऱ्याच्या गाडीत देते. बाल्कनी मी देणार नाही.”

दोन शब्दांची मर्यादा तिने ओलांडली होती, पण तिला थांबवायचं कोणाला सुचलं नाही. तेवढ्यात खालच्या पार्किंगचा पत्रा उन्हाने तडतडला.

मग पूर्णिमाताई उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता पुन्हा नाकाला पदर.

“अगं, तू पण हिंमतरावांकडूनच?” त्या म्हणाल्या. “मला तर म्हणाले, हे खास तुमच्यासाठी बाजूला काढलंय!”

“मलाही तेच म्हणाले,” तिसरी म्हणाली.

“घरपोच देतात का गं? मी आपली स्कूटरवर पायाशी ठेवून आणते.”

“रिकामी पोती काय करता तुम्ही?”

“धुऊन वाळवते ना!”

मागच्या खुर्च्यांवरचे पुरुष एकमेकांकडे पाहीनात. प्रत्येकाला आपापल्या घरची ओवी आठवत असावी. पाढे म्हणणारे गृहस्थ हळूच चपला शोधू लागले.

पुरस्कार आम्हालाच मिळाला, हे अभिमानाने सांगतो. परीक्षकांच्या निकषांत ‘डब्यात खत आढळले काय?’ एवढाच प्रश्न होता, आणि ते सर्वत्र आढळले. समितीने तिथल्या तिथे बैठक घेऊन ‘खतनिर्मिती’ऐवजी ‘खतसंवर्धन’ असा शब्द स्वीकारला, आणि हिंमतरावांना समितीचे तज्ज्ञ सदस्य करून घेतले. दत्तप्रसादनी नकाशा गुंडाळला. कागद पाठकोरा होता; तो वाया जाणार नाही, असे त्यांनी स्पष्ट केले.

घरी आल्यावर मी दोन्ही डबे उचलून खाली नेऊन ठेवले. वेताची खुर्ची पुसली आणि पहिल्या जागी, कठड्याशी लावली. दीपमाला बसली. मान सरळ ठेवून तिने पाहिलं. टेकडीचा काठ होता तिथेच होता.

मी चहा करून आणला. तो बरा झाला नव्हता. तिने तसं सांगितलं नाही.

“पहिल्याच महिन्यात का नाही बोललीस?” मी विचारलं.

तिने चहाचा एक घोट घेतला.

“बोलणार होते. तुमचं ते ताकगूळ बघून मी ठरवलंच होतं, आज सांगायचं, हा डबा काढा म्हणून. तर बाल्कनीतून आवाज आला. तुम्ही डब्याला ओवी म्हणत होता.” तिने कप खाली ठेवला. “निवृत्त झाल्यापासून तुमच्या तोंडून गाणं ऐकलं नव्हतं हो मी. बातम्या आणि ट्रॅफिक, एवढंच बोलायचात. म्हटलं, उद्या डबा उघडून तीच घाण दिसली तर हा माणूस परत गप्प होईल. म्हणून गेले कात्रजला. मग रोज वाटायचं, उद्या सांगू. आणि रोज तुम्ही नवी ओवी म्हणायचात.”

माणूस लिहिता असला की अशा वेळी नको ते विचारतो.

“हे सगळं लिहू का गं?”

“लिहा की. लोक वाचून हसतील आणि म्हणतील, आमच्या घरी नाही बाई असलं काही.” (तुम्ही ते आत्ताच म्हणून झालात.) “त्यांना म्हणावं, घरी कोण गप्प बसलंय, ते आधी बघून या.”