दौलतमास्तरांचा हळू बँड

दौलतमास्तर आपल्या बँडच्या कॉर्नेटमध्ये नारळाची करवंटी कोंबत. ट्रॉम्बोनमध्ये ओला दुपट्टा, आणि गळ्यात अडकवायच्या त्या अजस्र भोंग्यात चक्क उशी. नागपुरातले झाडून सगळे बँडवाले गाल फुगवून चार गल्ल्या दणाणून सोडत, तेव्हा हा एकटा बँडमास्तर आपल्याच माणसांवर खेकसत असे, "हळू गा, हळू! फुंकू नका, नुसता श्वास सोडा!"

महाल पेठेत ते आमच्या समोरच राहत. तरुणपणी कामठीच्या छावणीत, फौजेच्या बँडमध्ये होते. तिथून येताना त्यांनी दोनच गोष्टी आणल्या, इंग्रजी नोटेशन आणि मिशा. दोन्हींवर लग्नाचा बँड झकास चालला होता. पण सदर बाजारातल्या एका लिलावात त्यांनी फ्रेंच संगीताची एक तबकडी उचलली आणि घात झाला. तबकडी त्यांची, ती वाजवायचा रेडिओग्राम माझा. तेव्हापासून माझी रविवारची दुपारची झोप गेली ती गेलीच.

तबकडीच्या वेष्टनावर एका तळ्याचं चित्र होतं. होडी कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं, काही कळेना. मी म्हटलं, "मास्तर, छपाई बिघडलेली दिसते. बदलून घ्या."

"तसंच आहे ते, भाऊ. ह्या फ्रेंच लोकाइनं कशालेच काठ ठेवला नाही. सूर कुठं सुरू होते, कुठं सरते, पत्ताच लागत नाही."

तबकडीवर होता एकटा पियानो. तो बिनकाठाचा प्रकार मास्तरांना आपल्या पितळी वाद्यांवर उतरवायचा होता, आणि धाकट्या मुलीच्या, कुंदाच्या लग्नात, बिदाईच्या म्हणजे पाठवणीच्या वेळी वाजवायचा होता. लग्न वैशाखात. घरातल्यांनी कपाळावर हात मारला. मी तर याला सरळ खूळ म्हणत असे, आणि त्यांच्या तोंडावर म्हणत असे.

अडचण अशी, की पियानोचा सूर आपोआप विझतो, पितळेचा विझत नाही. मास्तरांनी तोड काढली. एकाने सूर धरायचा, दुसऱ्याने हळूच त्याच्याखाली शिरायचं, मग पहिल्याने कुणाला न कळता निघून जायचं. यात ट्रॉम्बोनवाला शंकर रडकुंडीला येई. "मास्तर, जोरात वाजवाले जेवढा दम लागत नाही, तेवढा हळू वाजवाले लागते!"

चैत्रात मास्तरांनी एका परक्या वरातीत त्याची चाचणी घेऊन पाहिली. नाचणारी पोरं उचललेला पाय हवेत ठेवून थांबली. घोडीने मान खाली घातली आणि डोळे मिटले. नवरदेवाचा मामा तरातरा पुढे आला. "मास्तर, वरात आहे का मयत?" मास्तरांनी निमूटपणे करवंट्या काढायला लावल्या.

त्या संध्याकाळी मी त्यांना समजावायला गेलो. "बिदाईला सगळे वाजवतात ते सिनेमातलं गाणं वाजवा ना. पोरीच्या लग्नात हसं कशाला करून घेता?"

मास्तर कॉर्नेट पुसत होते.

"मंदाच्या बिदाईत तेच वाजवलं होतं, भाऊ," ते म्हणाले. मंदा त्यांची थोरली, रायपूरला दिलेली. "मीच वाजवत होतो, बेंबीच्या देठापासून. पोरगी गळ्यात पडली, कानाशी काहीतरी बोलली. एक अक्षर ऐकू नाही आलं. मी मान हलवली नुसती. मांगून विचारलं, त म्हणते, बाबा, आता मलेच आठवत नाही."

मला त्या माणसाची फार माया आली, आणि ती कशी दाखवावी ते कळेना. शेवटी चहा मागितला.

कुंदाची बिदाई भर दुपारची होती. मांडवाबाहेर मोटार उभी. लाल कोटातली सगळी बँडमंडळी घामाने निथळत होती. मास्तरांनी स्वतःचा कॉर्नेट दुसऱ्याकडे दिला, हात वर केला आणि इतका हळू खाली आणला, की बँड सुरू कधी झाला ते मला कळलंच नाही. वरपक्षाकडचे एकमेकांकडे पाहू लागले. शंकर डोळे मिटून, जीव मुठीत धरून वाजवत होता. बायकांचे हुंदके, बांगड्या, मोटारीचं दार, सगळं ऐकू येत होतं.

कुंदा बापाच्या गळ्यात पडली. मग एकदम मान वर करून तिने घाबऱ्या आवाजात विचारलं, "बाबा, बँड काहून बंद केला?"

"बंद नाही केला वं बाई, वाजून राहिला," मास्तर म्हणाले. "तू बोल."