पुढच्या दाराने टॅलिन

लिफ्टमध्ये दीक्षितकाका भेटले, की आधी वाऱ्याची दिशा सांगतात आणि मग गुड मॉर्निंग म्हणतात. सिंगापुरात चोआ चू कांगमधल्या आमच्या इमारतीच्या बाराव्या मजल्यावर वारा नैऋत्येचा असला काय आणि ईशान्येचा असला काय, आपण वाळत घातलेले कपडे सांभाळावेत! पण काकांना हे कोण सांगणार?

आयुष्यभर हे गृहस्थ चांगी बिझनेस पार्कातल्या एका बँकेत रिपोर्ट तपासत आले. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी एकदम शिडाच्या होडीचा क्लास लावला. का, तर टॅलिनला जायचं म्हणून. टॅलिन म्हणजे बाल्टिक समुद्रावरचं जुनं, तटबंदीचं बंदर. त्यांची मुलगी केतकी तिथे असते.

"विमानाने जा की, काका."

"विमानतळ म्हणजे गावाचं मागचं दार. बंदराच्या गावात पुढच्या दाराने शिरावं!"

"आजोबा, प्लेन फास्टर लाह!" माझी लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. काकांनी तिच्याकडे दयेने पाहिलं.

केतकीने चार वर्षांपूर्वी तिथल्याच मुलाशी लग्न केलं. काका लग्नाला गेले नाहीत, आणि तेव्हापासून बापलेकीत अबोला. काकू मात्र तिच्याशी रोज फोनवर बोलत. त्यांनीच लेकीला बाबा येतायत म्हणून कळवलं, आणि "आधी तुमचं तुम्ही मिटवा" म्हणत काकांना एकट्यालाच धाडलं. केतकी धक्क्यावर येईल की नाही, हे कोणालाच माहीत नव्हतं.

फिनलंडच्या हेलसिंकीपर्यंत काका विमानानेच गेले; तिथून समुद्रापलीकडच्या टॅलिनला जायला भाड्याची होडी होती. निघताना काकांनी पिशवीतून नारळ काढला आणि होडीच्या नाकाडावर फोडायला उगारला. होडीची मालकीणबाई किंचाळलीच! शेवटी धक्क्याच्या दगडावर फोडला. खोबरं बाईंनी मिटक्या मारत खाल्लं म्हणे.

काका परत आल्यावर मी विचारलं, "खरं सांगा काका, होडी कशासाठी?"

"विमानाने लगेच पोचलो असतो रे. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. होडीत अख्खा दिवस मिळतो."

"मग ठरलं?"

"छे! ती आली नाही तर काय, यातच दिवस गेला."

त्यांनी फोनवर फोटो दाखवले. मनोरे, तट, लाल कौलं, पुन्हा मनोरे. केतकीचा एकही नाही. मला फार वाईट वाटलं.

"आली नाही का हो?"

"आली की," काका म्हणाले. "फोटो काढायला हात मोकळे नव्हते."