वीस पावलं मागं

फागूजींची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी हात जोडले, आणि ते म्हणाले, "मांगं सरा."

मी एक पाऊल सरलो.

"आणखी. वीस पावलं."

गावात मास्तर म्हणून येऊन मला दुसराच दिवस होता. उगाच वाद नको म्हणून सरत गेलो आणि शेणखताच्या खड्ड्यात पाय घातला. फागूजींनी तिथून मला नीट न्याहाळलं. "हां. आता दिसून राहिले."

फागूजी नाटकांचे पडदे रंगवत. आमच्या गोंदियाकडच्या गोरेगावच्या बाजूला दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. पडदा वीस पावलांवरूनच बघायचा असतो, हे फागूजींना इतकं पटलं होतं की सगळं जगच ते तेवढ्या अंतरावरून बघत. तरुणपणी मुलगी बघायला गेले, तेव्हाही अंगणाच्या पार टोकाला जाऊन उभे राहिले. मुलीच्या बापाला वाटलं, पाहुणा पळून चालला. लग्न राहिलं ते राहिलंच.

घरात दोघंच. ते आणि त्यांची थोरली विधवा बहीण, मथुराबाई. आई गेल्यावर यांना वाढवलं ते बाईंनीच.

एकदा गोंदियात फागूजींनी एका दुकानावर 'स्टुडिओ' अशी पाटी वाचली, आणि आपलाही 'इस्टुडिओ' पाहिजे हे त्यांच्या डोक्यात बसलं. घराच्या मागच्या भिंतीला पडदा टांगायचा ठरला. पण वीस पावलं मोजायला गेलं की अकराव्या पावलाला परसातली बाईंची सैपाकाची खोली आडवी येई. जुनी, मातीची, वर कवेलूंचं छप्पर. एका बाजाराच्या दिवशी बाई गोरेगावला गेल्या आणि यांनी ती पाडली.

मी शेजारीच राहायचो आणि जेवायला त्यांच्याकडेच असायचो; धावत गेलो. "अहो, बाईंना विचारलंत तरी का?"

"इचारलं असतं तं नाही म्हणाली असती. मंग कायले इचारू?"

बाई परतल्या. डोक्यावरची टोपली खाली ठेवली, ढिगातून तवा उचलला, ओसरीत तीन दगड मांडले आणि सैपाकाला लागल्या. भावाशी एक शब्द नाही.

पुढचे नऊ महिने नाही. "गुरुजी, तिले सांगा, भाजीत मीठ नाही." मी सांगे. बाई मिठाचं मडकं मुकाट्यानं माझ्या हातात देत. शाळेत मी मास्तर आणि या घरात पोस्टमन. फागूजींचा मला मनापासून राग यायचा. पण माणूस वाळत चालला होता, तेही दिसत होतं.

"मले ताप आला का बाई त्याच खोलीत, चुलीजवळ मले घेऊन बसे," एकदा म्हणाले.

"मग पाडलीत कशाला?"

"वीस पावलं पाह्यजे होती ना, गुरुजी." ते कसनुसे हसले.

मंडईच्या दिवशी दुपारी मैदानात त्यांचा नवा पडदा बांधत होते. नाटक रात्री, पण बायांनी आतापासूनच पोती अंथरून जागा धरलेल्या. मथुराबाई अगदी पुढे. फागूजी अर्थातच मागे, आणि मी त्यांच्या शेजारी.

पडदा उलगडला. ती खोलीच होती. धुरानं काळं पडलेलं आढं, दिव्याचा कोनाडा, कोनाड्याखाली तेलाचा ओघळ, तिरकी खुंटी, तिला अडकवलेलं सूप. जन्मभर राजवाडे काढणाऱ्या माणसानं तो ओघळसुद्धा सोडला नव्हता. माझा राग तिथंच विरला.

बाई उभ्या राहिल्या. एवढ्या जवळून त्यांना नुसते रंगाचे फटकारे दिसत असणार. पडद्याकडे तोंड ठेवूनच त्या एकेक पाऊल मागे सरू लागल्या, पोत्यांवरून, बायांच्या पायांवरून, शिव्या खात. सरत सरत थेट भावाला येऊन टेकल्या. तिथून त्यांना खोली दिसली.

"फागू, चूल पेटून नाही राहिली रे."

खरंच, चुलीत विस्तव नव्हता.

"तेवढं नाही जमलं, बाई." डोळे पुसून फागूजींनी रंगाचं डबडं उचललं आणि पडद्याकडे निघाले. आम्ही दोघं शिस्तीनं जागेवरच थांबलो. चार पावलं गेले आणि वळले.

"बाई, तिथं काऊन उभी? जवळ ये ना."