नरहररावांनी न लिहिलेला लेख

शेखरचं पत्र होळीच्या आधी आलं होतं आणि नरहररावांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. द्यायचं नव्हतं असं नाही. पत्र वाचताच त्यांनी बायकोला ठणकावून सांगितलं होतं, "उद्याच कळवतो. या विषयावर घोटावड्यात माझ्याएवढं कोणी वाचलेलं नाही."

विषय होता, 'आपल्या भागातल्या प्रसारमाध्यमांची वाटचाल'. शेखर गावातलाच पोरगा. 'खोऱ्याची हाक' नावाचं बातम्यांचं यूट्यूब चॅनेल चालवायचा आणि वर्धापनदिनाला स्मरणिका काढत होता. फोन केला असता तरी चाललं असतं, पण त्याच्याकडे लेटरहेड छापून पडली होती.

शाळेच्या ग्रंथालयात नोकरी संपवलेले नरहरराव उत्तराचा खर्डा करायला बसले. 'आनंदाने लिहीन' हे त्यांना आगाऊपणाचं वाटलं. 'प्रयत्न करीन' यात शेखरचा अपमान दिसला. मग मुळात आपली लायकी काय, इथपर्यंत विचार गेला आणि खर्डा शब्दकोशात जाऊन बसला.

स्मरणिका मात्र वेळेवर निघाली. तीत लेख होता, लेखावर नरहररावांचं नाव होतं आणि शेजारी पोलिसांना हव्या असलेल्या इसमासारखा त्यांचा फोटो.

"अहो, छान लिहिलंय की," आशालताबाई म्हणाल्या. "नेहमीसारखं कंटाळवाणं नाही."

"मी लिहिलेलंच नाही हे."

"तेच म्हणतेय मी."

नरहरराव बसून वाचू लागले आणि तिसऱ्या ओळीला ताडकन उभे राहिले. 'स्वातंत्र्याचा सोहळा मी लहानपणी चावडीवरच्या टीव्हीवर पाहिला,' असं त्यांनी म्हटलं होतं. तेव्हा देशात टीव्ही नव्हता आणि नरहररावही नव्हते. लेखात पुढे तर गावात पहिला टीव्ही भूगावच्या अण्णासाहेबांनी आणला होता. अण्णासाहेब म्हणजे बिल्डर. स्मरणिकेच्या मागच्या पानावर त्यांच्या बंगल्यांची रंगीत जाहिरात होती. प्रत्यक्षात गावात टीव्ही आला तेव्हा अण्णासाहेब तिसरीत होते.

नरहरराव तरातरा शेखरच्या ऑफिसात गेले.

"काका, तुमचं उत्तरच नाही आलं," शेखर म्हणाला. "मी म्हटलं, होकारच असणार. मग एआयला सांगितलं, जुन्या माणसासारखा एक लेख दे. चहा यायच्या आत दिला."

"आणि अण्णासाहेब?"

"ते मी घातले. मशीनला आपले जाहिरातदार कुठं माहीत असतात?"

"दुरुस्ती छाप."

"अहो, शेजारच्या नेऱ्याच्या सोसायट्यांमधून कौतुकाचे फोन येतायत. उद्या तुमचा सत्कार ठेवलाय."

सत्काराला नरहरराव गेले ते जाहीर खुलासा करायला. आयुष्यात पहिल्यांदा माईक हातात आला, तो त्यांनी तापलेल्या तव्यासारखा धरला. "हा लेख माझा नाही," ते म्हणाले.

टाळ्या पडल्या.

"एवढा मोठा माणूस, पण श्रेय घेत नाही," असं म्हणत अण्णासाहेबांनी त्यांना शाल पांघरली.

"अहो, मी खरंच लिहिलेला नाही."

टाळ्या वाढल्या. रात्री चॅनेलवर बातमी झळकली: 'लेख माझा नाही, समाजाचा आहे! ज्येष्ठ लेखक भावुक.'

नरहरराव भावुक नव्हते, संतापलेले होते. पण त्या संतापाचं दुसऱ्या दिवशी पाणी झालं, कारण सकाळी कोंडाजी आला नाही. बालपणीचा हा मित्र रोज त्यांच्या ओटीवर पेपर ऐकायला यायचा. चार दिवस वाट पाहून नरहरराव त्याच्या घरी गेले. कोंडाजी आपल्या खोल्यांत भाड्याने राहणाऱ्या आयटीवाल्या पोरांच्या बुटांकडे बघत पायरीवर बसला होता.

"अण्णासायबानं टीवी आनला म्हनं," तो म्हणाला. "मंग मी पत्र्यावर काय कावळं हाकीत हुतो व्हय?"

ग्रामपंचायतीचा टीव्ही आला तेव्हा अँटेना कोंडाजीनं पत्र्यावर चढून हातात धरला तरच चित्र दिसायचं. दर रविवारी सगळा गाव खाली पौराणिक मालिका बघायचा आणि कोंडाजी वर उन्हात उभा. आख्खी मालिका संपली, त्यानं एक भाग पाहिला नाही. "जरा डावीकडे" असं खालून ओरडायचं काम नरहररावांचं.

"कोंडाजी, तो लेख मी नाही लिहिलेला."

"तुजं नाव हाय. फोटू हाय. शाल बी तूच घेतलीस."

नरहरराव तसेच मागे वळले.

नरहरराव घरी येऊन लिहायला बसले. एसटीनं येणारा आदल्या दिवसाचा पेपर, पंचायतीचा रेडिओ, पत्र्यावरचा कोंडाजी, सगळं लिहिलं आणि शेखरपुढे ठेवलं.

शेखरनं वाचलं. "काका, चांगलाय. पण तुमचा वाटत नाही. लोकांना तुमची शैली माहीत झालीय आता. खरं सांगा, कुणाकडून लिहून घेतला?"

नरहरराव कागद ओढून घेऊन थेट कोंडाजीच्या पायरीवर गेले आणि न विचारता मोठ्यानं वाचू लागले. कोंडाजीनं शेवटपर्यंत ऐकलं.

"खरं हाय," तो म्हणाला. "पन पावसात मी घसरून शेणात पडलो, ते कुटं हाय?"

"ते लेखात शोभलं नसतं."

"तवा लई हसला हुतास. घाल ते."

नरहररावांनी ते घातलं. "पण शेखर छापणार नाही."

"नगं छापू दे. पैलं त्याच्या पत्राला उत्तर धाड. तू गप बसतूस, मंग कुनी बी तुज्या तोंडानं बोलतंय."

दोघं पोस्टात गेले. तिकीट लावलेलं पाकीट पुढ्यात ठेवून नरहररावांनी तिथंच मजकूर लिहिला.

"वाच," कोंडाजी म्हणाला.

"'आपले पत्र मिळाले. लेख लिहिण्याची माझी पात्रता आहे की नाही, याचा विचार चालू आहे. तो पुरा होईपर्यंत कृपया मला छापू नये.'"

"लई गुळमुळीत हाय."

"कडक करू का?" असं म्हणत नरहररावांनी कोरा कागद पुढे ओढला. तो बघताच कोंडाजीनं लिहिलेला कागद उचलला, पाकिटात कोंबला, पाकीट चिकटवलं आणि बाहेर जाऊन पेटीत टाकलं.

"अरे, 'क्षमस्व' राहिलं," नरहरराव म्हणाले.