वानखेडे काकांचं इन्स्पेक्शन

वानखेडे काकांनी मला पहिल्या भेटीतच पास केलं. पाठीवर दोन थापा मारल्या, कान देऊन आवाज ऐकला आणि जाहीर केलं, "पास!" कलिंगड असो, गॅसचं सिलिंडर असो की शेजारी राहायला आलेला माझ्यासारखा बँकवाला, ठोकून बघितल्याशिवाय हा माणूस कशालाच घरात घेत नाही. सगळी नोकरी खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत माल तपासण्यात गेली. रिटायर झाले, पण ठोकणं काही सुटलं नाही.

स्वतःची तपासणी म्हटली की मात्र पक्के चोर! शुगर तपासायच्या आधी आठवडाभर खोव्याची जिलेबी बंद, कारल्याचा रस सुरू, सकाळी मैदानाला चकरा. मला म्हणायचे, "बडे साहेब येणार म्हटलं की भिंतीला चुना मारतातच ना, भैया? तसंच." रिपोर्ट छान यायचा आणि त्याच संध्याकाळी जिलेबीचा पुडा घरात.

यंदा चष्म्याचा नंबर काढायला मी त्यांना नेलं, तर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी गेल्या तीन महिन्यांची साखर सांगणारी रक्ततपासणी लिहून दिली. काका खवळले. "मागच्या महिन्यातलं आता काहून उकरून राहिले हे लोक?" रक्तानं सगळं ओकलं. मग डोळ्यांत थेंब टाकून पडद्याचे फोटो काढले. दोन्ही पडद्यांना सूज.

"डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल," बाई म्हणाल्या. "उशीर केलात तर नजर जाईल."

"आँख में सुई? रिजेक्ट!" काका उठून चालायलाच लागले. मी समजावलं, हात जोडले, शेवटी भर दवाखान्यात ओरडलो. ढिम्म हलले नाहीत. शेवटी स्कूटरवर मागे बसवून त्यांना घरी आणलं. माझा जीव टांगणीला लागला होता आणि रागही मनस्वी आला होता.

काकू दारातच वाट बघत उभ्या होत्या. लकव्यानं त्यांची वाचा गेली आहे. ऐकू येतं सगळं, पण बोलणं बोटांनी. आणि ती बोटांची भाषा काकांशिवाय आम्हाला कुणालाच कळत नाही.

काकूंनी घाईघाईनं बोटं हलवली. काका डोळे बारीक करून बघत राहिले. सुजलेले पडदे, त्यात थेंबांनी सगळं धूसर झालेलं. काकूंनी पुन्हा बोटं हलवली.

"काय म्हणून राहिली ती?" काकांनी मला विचारलं.

"मला नाही कळत, काका."

"अरे, नीट बघ ना! काहीतरी विचारून राहिली ती!" त्यांचा आवाज फाटला. इतकं घाबरलेलं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

काकूंनी त्यांचा हात धरला. काका ती बोटं चाचपत राहिले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "चलो भैया, स्कूटर काढ. सुई टोचून घेतो."