दूध पूर्वेला उतू गेलं तर

कर्नाटकात, आमच्या तिपटूरमध्ये, घर भाड्याने देताना जात विचारत नाहीत. निवृत्त मुख्याध्यापक शिवनंजप्पांनी तर फाटकावर तशी पाटीच लावली होती: 'वरचा मजला भाड्याने देणे आहे. जातिभेद पाळला जात नाही. फक्त सज्जनांसाठी.' मी शेजारचा, म्हणून भाडेकरूच्या मुलाखतीला मला बसवून घेतलं होतं.

उमेदवार होते गुरांचे डॉक्टर. बायको माहेरी बाळंत झालेली, रविवारी तान्ह्या मुलीला घेऊन यायची होती. डॉक्टर राहत होते त्या लॉजवर बाळाला मनाई होती.

"पूर्ण नाव?"

"एच. एम. कुमार."

आमच्याकडची ही मोठी प्रशासकीय अडचण. तुमच्याकडे आडनाव कानावर पडलं की काम फत्ते. इथं गावाचं एक अक्षर, बापाचं एक अक्षर, आणि माणूस साफ निसटतो.

"एच म्हणजे?"

"होसहळ्ळी."

"गावात घर कुठल्या अंगाला? देवळाकडे की ओढ्यापलीकडे?"

"अख्खं गाव धरणात गेलं, सर."

धरण मुद्दाम याच कामासाठी बांधलं असावं, असा चेहरा शिवनंजप्पांनी केला. "बरं, एम?"

"महादेव."

महादेव काय, सगळ्यांचाच. शेवटी शिवनंजप्पांच्या पत्नी गिरिजम्मा कॉफी घेऊन मदतीला धावल्या. "घरात मटण-बिटण?"

"नाही अम्मा. दिवसभर त्यांनाच इंजेक्शनं देतो, रात्री ताटात कसं बघवेल?"

"शाकाहारी!" गिरिजम्मा खुलल्या. "मग लग्न कुठल्या मठात लागलं?" आमच्याकडे मठ कळला की जात कळते.

"रजिस्ट्रारच्या कचेरीत."

गिरिजम्मांनी कॉफीचा दुसरा पेला परत आत नेला.

मग निकाल दुधावर सोपवण्यात आला. आमच्याकडे नव्या घरात शिरताना आधी दूध उतू जाऊ देतात. पूर्वेला सांडलं की शुभ. एरवी हा विधी घर ठरल्यावर करतात, शिवनंजप्पांनी तो ठरण्याआधीच ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या स्वयंपाकघरात शेगडीभोवती आम्ही चौघं श्वास रोखून उभे राहिलो. डॉक्टरांनी खात्रीच्या म्हशीचं दूध आणलं होतं. दूध चढलं, काठाशी थबकलं, आणि चारही बाजूंनी एकदम उतू गेलं.

"दूधसुद्धा सांगेना!" गिरिजम्मा कपाळाला हात लावून म्हणाल्या.

"सर, परवा मुलगी यायची आहे हो," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही जात मानत नाही ना?"

"अजिबात नाही!" शिवनंजप्पा दुखावले. "कळली असती तर मी तिच्याकडे दुर्लक्षच केलं असतं. पण कळतच नाही, तर दुर्लक्ष करू कशाकडे?"

या युक्तिवादापुढे डॉक्टरांनी हात टेकले. मला मात्र असा संताप आला, की त्या घरची कॉफी मी तेव्हापासून सोडली. सध्या डॉक्टर, त्यांची बायको आणि मुलगी गुरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत राहतात. दारातल्या म्हशींची त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही.

वरचा मजला अजून रिकामा आहे. काल शिवनंजप्पांनी मला फाटकातच गाठलं. "तुमची त्यांच्याकडे ऊठबस आहे म्हणे. आता घराचा प्रश्न नाही, सहज विचारतो. शेवटी तो होता तरी कोण?"

मला ठाऊक आहे. मी त्यांना सांगितलं नाही.

तुम्हालाही सांगणार नाही. इतका वेळ तुम्हीही सहजच थांबला होतात ना?