घर बघायला येणार आहेत

शमशुद्दीन सरांचा एका गोष्टीवर ठाम विश्वास होता. बाहेरचं माणूस बघायला येणार म्हटलं, की त्याला उणं काही दिसता कामा नये! अडतीस वर्षांच्या मास्तरकीत त्यांनी एकोणीस तपासण्या पार पाडल्या होत्या. आदल्या दिवशी शेजारच्या शाळेतून पृथ्वीचा गोल, सांगाडा आणि दोन पंखे उसने आणायचे, हुशार मुलं पहिल्या बाकावर बसवायची, की झालं!

विश्रांतवाडीत त्यांच्याच इमारतीत तळमजल्यावर मंतशा राहायची. पाचवीपासून ती सरांकडे फुकट शिकायला येई. तिला कर्वेनगरच्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला आणि फीचं मी बघतो, असं सर सांगून बसले. आई जरीना ब्लाउज शिवून घर चालवत होती. सरांनी दोघींना फळ्यासमोर बसवून समजावलं. शिष्यवृत्ती परत करायची नसते. शैक्षणिक कर्ज शिक्षण संपून नोकरी लागली की फेडायचं असतं. पण उत्पन्नाचा दाखला हाती येईपर्यंत सरकारी शिष्यवृत्तीची मुदत टळून गेली होती, आणि कर्ज म्हणताच जरीनाचा चेहरा धुतलेल्या पाटीसारखा झाला. उरला एक ट्रस्ट. तो गरजू मुलांची सगळी फी भरायचा, फक्त आधी त्यांचं माणूस घर बघून जायचं. शुक्रवारपर्यंत फी गेली नाही, तर मंतशाची जागा दुसऱ्या मुलीला मिळणार होती.

घर बघणार, एवढंच सरांच्या डोक्यात राहिलं. म्हणजे तपासणीच की!

त्यांनी स्वतःचा सोफा खाली उतरवला. शेजारच्या विमलाबाईंचा फ्रिज आतल्या भाजीपाल्यासकट ढकलत आणला. शिलाई मशीन सोफ्यामागे दडवून वर चादर टाकली. हे जरा जास्त होतंय का, असं जरीनाने भीतभीत विचारलं.

"जरीना, रडक्या शाळेला कधी अनुदान मिळालंय का?" सर म्हणाले.

मंतशा काहीतरी बोलणार होती; पण सरांना उलट उत्तर द्यायची तिला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी ट्रस्टच्या सरोजिनीताई आल्या. सोफ्यावर बसल्या, फ्रिजकडे पाहिलं, थंड सरबत घेतलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. वह्या उलट्या बाजूने वाचायची कला प्रत्येक मास्तराला येते. सरांनी वाचलं : 'मदतीची गरज दिसत नाही.'

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात दार ढकलून विमलाबाई वाटी घेऊन आत आल्या.

"चालू द्या तुमचं. मी फक्त माझं दही घेते."

फ्रिज उघडला, दही घेतलं, फ्रिज बंद केला आणि त्या गेल्याही.

सरोजिनीताईंनी चष्मा काढला. "दह्याबरोबर फ्रिजही त्यांचाच का?"

"हो," सर म्हणाले. त्यांचा आवाज वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखा झाला होता. "सोफा माझा. कल्पनाही माझीच. शिक्षा करायची तर मला करा, मुलीचे गुण कापू नका."

"बारा वर्षं घरं बघतेय," सरोजिनीताई म्हणाल्या. "लोक फ्रिज लपवतात. उसना आणलेला पहिल्यांदाच पाहिला. आधी ज्याचं त्याला द्या, मग मी घर बघते."

आधी सोफा हलला. चादर निघाली आणि मागचं मशीन दिसलं. मशीनच्या फळीवर मंतशाची पुस्तकं होती. आई दिवसभर तिथे शिवते, मशीन थांबलं की मी अभ्यासाला बसते, असं तिने हळूच सांगितलं. सरोजिनीताई खाली चटईवर बसल्या. आधीची ओळ खोडून बराच वेळ लिहीत राहिल्या. मग म्हणाल्या, गुरुवारी फी थेट कॉलेजात जमा होईल. जरीनाने पदर डोळ्यांना लावला.

सरांना राहवेना. "म्हणजे पास?"

"मुलगी पास," सरोजिनीताई पेनाचं टोपण लावत म्हणाल्या. "तुम्हाला मात्र परत बसावं लागेल."

मंतशाने फ्रिजचं एक टोक धरलं होतं; सर दुसरं धरायला गेले.